निळ्या पानांचं झाड

४ मार्च, मंगळवार

जाऊन आले एकदाची नातीच्या कामावर! काम कसलं, कापडांचा दवाखाना म्हणा. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला लांबलचक खोली, मधे पलंगाएवढाली टेबलं, आणि त्यांवर केव्हाच्या काळातले पडदे, शाली, चादरी आडव्या निजलेल्या. खोकला नाही, ताप नाही, पण सगळे पेशंट! आमची चिमणी त्यांची धूळ काढते. (दाखल्यावर तिचं नाव वेगळं आहे, पण घरात चिमणीच.) तीही कशी — कापडावर जाळी अंथरायची आणि वरून बारक्या नळीने धूळ ओढून घ्यायची, हळू हळू, आजाऱ्याच्या पाठीवरून हात फिरवावा तशी. मी म्हटलं, "अगं, गॅलरीत नेऊन दोनदा झटक की!" तिथल्या मोठ्या बाई, म्हणजे चिमणीच्या साहेब, एवढ्या दचकल्या की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला.

मग तिने झाड दाखवलं. भिंतीएवढं सुती कापड आणि त्यावर हाताने रंगवलेलं एकच झाड. खडकातून निघून वळणं घेत घेत वर गेलेलं. आणि फुलं! एका फांदीला कमळासारखं, दुसरीला डाळिंबाचं, तिसरीला तर असं की देवालाही सुचलं नसेल. मी विचारलं, हे कुठलं गं झाड? म्हणाली, "कुठलंच नाही, आजी. जगात जे जे फुलतं ते सगळं एका झाडावर. जीवनाचं झाड म्हणतात." मूळ दगडात आणि फुलं सगळ्या दुनियेची! ज्याला हे सुचलं त्याचे हात धुऊन पाणी प्यावं. बघत उभी राहिले, पाय दुखल्याचंही कळलं नाही. पानं तर हिरवीगार, विहिरीच्या आत उगवतात तशी.

खोट एकच. खोलीत दिवे मंद. उजेड रंग खातो म्हणे. म्हणून मला बारीकसारीक दिसलं नाही. दिव्यांमुळेच. मोतीबिंदूचा काही संबंध नाही.

५ मार्च

संबंध आहे. इथे तरी कशाला खोटं लिहू! दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टरीणबाई वर्षभर मागे लागल्यात, चिरंजीव तर रोज जेवताना तेच. पण मी नाही म्हणजे नाही. आमच्या ताईचा, थोरल्या बहिणीचा, एक डोळा असाच ऑपरेशनात गेला, ती तरणी होती तेव्हा. आता उरलेल्यातही मोतीबिंदू उतरलाय. तिला उजेड आणि सावली कळते, बस. ती म्हणते, "जे आहे ते आहे. टेबलावर मी पुन्हा निजायची नाही." आणि तिच्या मांडीला मांडी लावून मीही तेच म्हटलंय. दोघी बहिणी एका माळेचे मणी.

आज तिला फोनवर झाड सांगितलं. ती दुसऱ्या गावात एकटी असते, रोज चहानंतर आमचा फोन. पूर्वी भरतकाम असं करायची की उशीच्या अभ्र्यावर डोकं ठेवायचा धीर होत नसे. ऐकून म्हणाली, "खडकातून झाड? मातीचा खर्च वाचवला वाटतं!" मी म्हटलं, अगं, त्याला अर्थ असतो. तर म्हणते, "कापडाला कसला अर्थ! ऊब लागली की अर्थ झाला." पण फोन ठेवताना हळूच विचारलंच, "खोड कसलं भरलंय? साखळीच्या टाक्याने की दोऱ्याला दोरा लावून?" सांगितलं, भरलेलं नाही, रंगवलेलं आहे. "मग ठीक," म्हणाली. नाहीतर हेवा वाटला असता बाईसाहेबांना!

११ मार्च, मंगळवार

चिमणी डबा विसरली. (मीच लपवला.) घेऊन गेले!

आज एक विणलेली सतरंजी बघितली. फूल नाही की पान नाही, नुसत्या रेघा, त्रिकोण, चौकटी. मला वाटलं, विणणारीला फुलं येत नसतील बिचारीला. चिमणी म्हणाली, नीट बघ. नागमोडी रेघ दिसते ना, ते पाणी. कोरड्या मुलखातल्या बाया पाणी विणून पायाखाली घालायच्या. त्रिकोण म्हणजे ताईत. कंगव्यासारखं आहे तो कंगवाच, विणकरणीचा असेल नाहीतर नवरीचा. आणि पत्त्यातल्या चौकटीसारखी आकृती, मधे ठिपका — तो डोळा! वाईट नजर आली तर तिच्याकडे उलट बघायला बसवलेला.

प्रत्येक वाक्याला "असं म्हणतात, आजी," हे शेपूट. मी म्हटलं, तुला नक्की काय माहीत आहे ते सांग. हसून म्हणाली, "नक्की एवढंच की ज्यांनी विणलं त्यांनी कुणाला विचारून विणलं नाही." कुयरीचंही तेच. आपण आपले कुयरी म्हणून मोकळे. कुणी म्हणतं ते वाऱ्याने वाकलेलं सुरूचं झाड आहे, वाकलं पण मोडलं नाही असं. कुणी म्हणतं ज्योत. कुणी बी. मला वाकलेलं झाड पटलं. माझीच कंबर आठवली.

घरी आल्यावर जिकडे तिकडे तेच! खिडकीच्या गजांत चौकटी, मोरीच्या फरशीवर त्रिकोण. सेलमधून आणलेल्या चादरीवर तर ओळीने डोळेच डोळे. चिरंजीवांना म्हटलं, जपून झोपा रे बाबा, सगळे बघतायत!

१२ मार्च

ताईला डोळ्याची चौकट सांगितली. मग — "म्हणजे मीही भरलेत की डोळे! तुझ्या दुपट्याच्या कडेला. मला काय माहीत. आईने शिकवलं तसं घातलं." आणि स्वतःच हसत सुटली. "भरताना अर्थ माहीत असता तर दोन जास्त घातले असते. एक माझ्यासाठी."



१९ मार्च, बुधवार

आज फजिती झाली, ती लिहिते.

जूनमध्ये प्रदर्शन. मोठ्या बाईंनी पाहुणे बोलावले होते, चांगले चष्मेवाले, मान हलवणारे. भिंतीवर झाडाच्या शेजारी पाटी लावायची, तिचा मजकूर चिमणीने मोठ्याने वाचून दाखवला. छान होता! "...आणि या झाडाची निळी पानं..." मी मागे स्टुलावर बसले होते. बसायचं ना गप्प! नाही. "अगं, चूक झाली! हिरवी लिही, हिरवी! पानं कुठे निळी असतात?"

सगळे वळले. मोठ्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, निळीच आहेत." मी म्हटलं, "बाई, तुमचे दिवे मंद आहेत." कुणीतरी खोकलं. चिमणी झाडाकडे बघेना, माझ्याकडे बघत राहिली. माझ्या डोळ्यांकडे.

रिक्षात माझा हात धरून बसली.

२० मार्च

सकाळी चिमणी दोऱ्याच्या लडी घेऊन बसली. झाडाची एक नक्कल करायचीय, म्हणजे पोराटोरांना आणि ज्यांना दिसत नाही त्यांना हात लावून बघता येईल. फांद्या, फुलं, सगळं दोऱ्याने उठावदार भरायचं. ही तिचीच कल्पना, मोठ्या बाईंनी मान्य केलीय. म्हणाली, "आजी, झाडाच्या पानाचा रंग उचलून दे बघू." हे काय अवघड! दिली उचलून हिरवी लडी.

ती म्हणाली, "ही निळी आहे, आजी."

खिडकीत नेली. उन्हात धरली. हिरवीच! चिरंजीवांना विचारलं — निळी. दूधवाल्याला विचारलं — तो म्हणाला, "निळी, आजी, माझ्या शर्टासारखी." त्याचा शर्ट मी इतके महिने हिरवा समजत होते!

मग चिमणीने जवळ बसून सांगितलं. लिहून ठेवते, कारण असं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या काळी हिरवा रंग सरळ मिळत नसे. आधी नीळ द्यायची, वर पिवळा चढवायचा, दोन्ही मिळून हिरवं. नीळ चिवट, पिवळा नाजूक. उजेडाने पिवळा हळूहळू उडून गेला, निळं तेवढं मागे राहिलं. म्हणून जगभर जुन्या कापडांवर निळी पानं! रंगाऱ्याने हिरवीच केली होती. "आणि तुझा मोतीबिंदू पिवळा आहे, आजी. तू त्यातून बघतेस. उडालेला पिवळा तुझा डोळा परत चढवतो."

म्हणजे ते झाड रंगाऱ्याने जसं केलं तसं, त्या सगळ्या मान हलवणाऱ्यांत, मला एकटीला दिसत होतं!

इतका आनंद झाला की उठून चहा ठेवला. चिमणी मात्र रडत होती. म्हणाली, "आजी, तुला निळं दिसतच नाही. आभाळही नसेल दिसत. तू आम्हाला सांगितलं का नाहीस?"

काय सांगणार? मला कुठे माहीत होतं, आभाळ गेलं ते!

२१ मार्च

निळं कसं असतं बरं? आठवून बघते. येत नाही.

२३ मार्च, रविवार

ताईला म्हटलं, मी एक डोळा करून घेते.

भडकली. "एका पानापायी डोळा घालवणार? कापडाचं पान ते! त्याला ना वास ना भाजी!" मी म्हटलं, पानासाठी नाही, आभाळासाठी. "आभाळ काय बघायचंय? आहे तिथेच आहे." मी म्हटलं, आता तसं राहिलं नाही, चिमणी सांगते वीस मिनिटांत होतं, सुई नाही, टाका नाही. "मलाही असंच सांगितलं होतं, बये," म्हणाली आणि फोन ठेवला.

आपटला नाही. ठेवला. त्याचंच जास्त लागलं.

२ एप्रिल

उद्या डावा. काही सुचत नाही. डब्यातली डाळ निवडली. निवडलेली होती, परत निवडली.

५ एप्रिल, शनिवार

पट्टी काल निघाली!!

भिंत पांढरी आहे! मी समजत होते, आम्ही लोण्याच्या रंगाची लावलीय. दूध पांढरं. डॉक्टरीणबाईंचा कोट पांढरा, दात पांढरे. आणि ट्रेमध्ये एक निळा रुमाल होता. नुसता रुमाल, हात पुसायचा. मी तो हातात घेऊन बसले ते सोडेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घेऊन जा, आजी!" आणलाय घरी.

चिमणीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला. हनुवटीवर तीळ आहे हे विसरलेच होते. डोळ्यांखाली काळं झालंय — रात्रंदिवस ती कापडं. चिरंजीव म्हातारे दिसायला लागलेत, त्यांना सांगितलं नाही. आरशात मात्र एक बाई भेटली, ओळख ना पाळख, तोंडाला नागमोडी रेघा! पाण्याच्या, असं म्हणतात.

गॅसमागची भिंत बघितली आणि तीन तास घासली. इतकी वर्षं सगळे गप्प बसले, कुणी बोललं नाही, लबाड!

आभाळाबद्दल लिहायला बसले होते. राहू दे. येत नाही लिहिता.

१२ एप्रिल

झाडाला भेटून आले. चिमणीने हात धरून समोर उभं केलं आणि म्हणाली, बघ.

निळी! बाई गं! हिरव्याचा मागमूस नाही. मोराच्या मानेची निळी, कुठे शाईची, एकेका पानाच्या शिरा वेगळ्या. कमळाला आत आणखी एक कमळ आहे, मला पत्ताच नव्हता. बुंध्याशी दोन पाखरं आहेत, एवढीएवढीशी, त्यांनाही हात जोडून आले.

मग गंमत सुचली. नवा डोळा झाकला, उजव्याने बघितलं — हिरवं झाड. उजवा झाकला — निळं. हिरवं, निळं, हिरवं, निळं! एका झाडाच्या दोन वयांत ये-जा करत होते. तेवढ्यात दारातला पहारेकरी चिमणीला म्हणाला, "मॅडम, तुमच्या आजी मघापासून मला डोळा मारतायत."

१३ एप्रिल

ताईने आपणहून विचारलं, "निळा कसला? नीळ टाकलेल्या कपड्यांचा, की जांभळाकडे झुकलेला?" सांगत बसले. पानापानाचं सांगितलं. मधे एकदा वाटलं लाइन गेली. "आहे, आहे, बोल तू," म्हणाली.

२२ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरीणबाई रागावल्या. उजवा पिकलाय, थांबू नका. पण आता मलाच तो द्यायचा नाहीये! आधी भीतीपोटी नको म्हणत होते, आता लोभापोटी. हा काढला की हिरवं झाड गेलं. मग ते कोण बघणार? रंगाऱ्याचं एवढं एक माणूस उरलंय, तेही निघून जायचं?

चिमणीने तोड काढली. नक्कलेतली पानं हिरवी भरायचीत, पण कसली हिरवी ते कुणालाच ठाऊक नाही. तिने लडींची रांग मांडली. "जुन्या डोळ्याने पान बघ, नव्या डोळ्याने लडी निवड." मोठ्या बाईही आल्या. म्हणाल्या, "हा काही पुरावा नव्हे हं, आजी. पण मला बघायचंय." एक डोळा झाकत, एक उघडत अर्धा दिवस चालला खेळ. शेवटी एकीवर हात ठेवला. काळपट हिरवी, शेवाळासारखी. मोठ्या बाईंनी ती स्वतः कागदात गुंडाळली आणि वर लिहिलं — आजींची हिरवी. शाळेत कधी बक्षीस मिळालं नव्हतं मला.

२९ एप्रिल

आज सगळं उलटंपालटं झालं, आणि काय सुंदर झालं!

झाडाचं जुनं अस्तर सैल पडलं होतं. चिमणीने एका बाजूची शिवण उसवली, कड आत दुमडलेली होती ती उलगडली. दुमडीत अर्धं पान. कुणीतरी शिवताना आत घालून टाकलेलं, तेव्हापासून त्याने उजेड पाहिलाच नव्हता.

मला बोलावून घेतलं. मी विचारलं, कुठल्या डोळ्याने बघू? चिमणी म्हणाली, "नव्या."

पोपटी! कोवळं, ओलं, लसलशीत पोपटी. आत्ता फुटलंय असं. "आजींची हिरवी" शेजारी ठेवली तर बिचारी सुकलेली भाजी! मला हसू आवरेना. माझा म्हातारा डोळा, त्याला हिरवंही म्हातारंच दिसणार! झाड मुळात केवढं तरुण होतं, ते त्यालाही कुठे माहीत होतं. मोठ्या बाईंना वाटलं मला वाईट वाटेल. वाईट कसलं! उजव्या डोळ्याने बघितलं तर त्या पोपटीवरही मळ चढला. तेव्हाच ठरलं. तिथूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावायला सांगितला. घ्या म्हटलं हाही.

नक्कलेत पानं पोपटी भरणार. एक पान तेवढं "आजींची हिरवी". चिमणीचा हट्ट.

८ मे

दुसराही झाला. पट्टी निघाली. आता दोन्ही डोळ्यांचं एकमत आहे, घरात प्रथमच! ताईला फोन लावला, उचलला नाही. शेजारीण म्हणाली, झोपल्यात. या वेळेला?

१० मे, शनिवार

ताईचा फोन. म्हणाली, "तुझ्या दुसऱ्या डोळ्याच्या आदल्या दिवशी मीही माझा करून आले. शेजारणीला घेऊन गेले. कुणाला बोलले नाही, तुलाही नाही." मी म्हटलं, अगं, एकच डोळा तुझा! काही झालं असतं म्हणजे? "म्हणूनच नाही सांगितलं. काही झालं असतं तर तू दुसरा केला असतास का?" मग म्हणाली, "शेजारणीच्या दोरीवर एक निळी चादर वाळतेय. सकाळपासून बघतेय. तुझी पानं अशी आहेत का गं?" मी इकडे रडायला लागले, आणि ती तिकडून ओरडतेय — "रडू नकोस बये, डोळ्यात पाणी जाईल!"